शिक्षकांचा ऑनलाइन गोतावळा

उद्याच्या तासाची तयारी करणाऱ्या शिक्षकाला तीन गोष्टी लागतात. शिकवायचा मजकूर, तो उलगडून दाखवणारे साधन आणि अडेल तिथे विचारायला एखादे जाणते माणूस. दोन पिढ्यांपूर्वी या गरजा पाठ्यपुस्तक, खडू-फळा आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी यांच्यावर भागत. आज मजकूर आणि साधने इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि विचारायला राज्यभरचे शिक्षक फोनवर असतात. मात्र मिळालेली चित्रफीत वर्गात लावली की मुले शिकली, असे होत नाही. तो मजकूर गावाच्या शिवाराशी, मुलांच्या रोजच्या अनुभवाशी जोडावा लागतो. ही जोडणी कुठल्याही संकेतस्थळावर आयती मिळत नाही. शिक्षक ती करून पाहतात, एकमेकांना सांगतात आणि एकमेकांकडून उचलतात. म्हणून ऑनलाइन साधने आणि शिक्षकांचा आपसांतला संपर्क या दोन बाबी एकत्रच पाहाव्या लागतात. वर्धा जिल्ह्यात हा विचार आजचा नाही.

नई तालीमचा धडा

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे ठरल्याप्रमाणे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने पायाभूत शिक्षणाचा आराखडा तयार केला. ‘वर्धा योजना’ किंवा ‘नई तालीम’ म्हणून तो देशभर ओळखला गेला. हातातल्या कामातून आणि भोवतालच्या परिसरातून भाषा, गणित, विज्ञान शिकवायचे, हे त्याचे सूत्र होते. योजना चालवण्यासाठी १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला. सेवाग्रामला त्याचे काम आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांनी सांभाळले.

सूतकताईच्या तासाला मुलांचे गणित कसे होई, हे पाहण्यासारखे आहे. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची एक गुंडी असे माप होते. म्हणजे गुंडीत ६४० तार, लांबी २,५६० फूट. मुलाने सकाळी किती तार काढले, गुंडी पुरी व्हायला अजून किती हवेत, दोन मुलांच्या कताईत किती फरक पडला, असे हिशेब टकळीवरच सुटत. कापूस कुठून आला, म्हटले की भूगोल सुरू होई.

पण असे शिकवणे पुस्तकात लिहून ठेवल्याने जमत नव्हते. कताईतून गुणाकार कसा काढायचा, हे शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहूनच कळे. त्यामुळे योजनेच्या जोडीने शिक्षकांची प्रशिक्षणे आणि संमेलने सुरू झाली. १९३९ मध्ये पुण्याला, १९४१ मध्ये दिल्लीच्या जामियानगरला आणि १९४५ मध्ये सेवाग्रामला कार्यकर्ते जमले, काय साधले आणि कुठे फसले याची चर्चा झाली, अहवाल निघाले. महाराष्ट्रात याआधीही शिक्षकांना जोडणारी नियतकालिके होती. १८६१ मध्ये सुरू झालेल्या ‘शालापत्रका’चे संपादन आधी कृष्णशास्त्री आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी केले. गावोगावच्या एकट्या पंतोजींना बाहेरच्या विचाराशी जोडण्याचे काम तेव्हा टपालाने होई. आज तेच काम फोन करतो आणि पत्राला लागणारे आठवडे वाचतात.

सेवाग्रामच्या आश्रम परिसरात नई तालीम समितीने २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ शाळा सुरू केली. शेती, स्वयंपाक, कताई आणि शिवण यांतून शिकवण्याची रीत तिथे आजही चालू आहे. ऑनलाइन साधन हाताशी असलेल्या शिक्षकाला ही शाळा एक प्रश्न विचारायला लावते: पडद्यावर जे दाखवायचे, ते मुलांना प्रत्यक्ष हाताळता येणार नाही का?

केंद्र, परिषद आणि ग्रुप

जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक कागदोपत्री एकटा नसतो. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांतल्या शाळा केंद्रांमध्ये वाटलेल्या आहेत. केंद्रावर केंद्रप्रमुख, त्यावर विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे ‘डाएट’, अशी ही उतरंड आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षक एकत्र येतात, एखादा नमुना पाठ होतो, अडचणी मांडल्या जातात.

तरीही द्विशिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग दोघांत वाटून घेणाऱ्या शिक्षकाला दोन परिषदांमधले दिवस एकट्यानेच काढावे लागतात. पहिलीतले मूल जोडाक्षरावर का अडते, तिसरी आणि चौथी एकत्र बसवून भागाकार कसा घ्यायचा, हे प्रश्न परिषदेच्या तारखेची वाट पाहत नाहीत. ही फट व्हॉट्सअॅपने भरली. पाठोपाठ केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, विषयशिक्षकांचा ग्रुप, मुख्याध्यापकांचा ग्रुप असे थर तयार झाले.

या ग्रुपांची एक अडचण प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ‘अत्यंत तातडीचे’, ‘आजच माहिती सादर करावी’, ‘लिंक भरून स्क्रीनशॉट टाकावा’ असे आदेश दिवसभर येत राहतात. त्यांत कोणी टाकलेला चांगल्या पाठाचा फोटो वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर वर सरकून जातो. म्हणूनच काही शिक्षकांनी प्रशासनापासून वेगळी, फक्त शिकण्या-शिकवण्यावर बोलणारी बैठक उभी केली. ‘अॅक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’ हा त्यातला ठळक गट आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे शिक्षक भाऊसाहेब चासकर त्याच्या संयोजकांपैकी एक. ग्रुपवर ओळख झालेले वेगवेगळ्या जिल्ह्यांतले शिक्षक पुढे संमेलनांत प्रत्यक्ष भेटू लागले. ग्रुपवरच्या ओळखीला प्रत्यक्ष भेटीची जोड मिळाली की माणसे आपल्या अडचणीही उघडपणे बोलतात, आणि शिकण्याची सुरुवात तिथूनच होते.

महाराष्ट्राबाहेरही असे प्रयत्न झाले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लिक्स’ या उपक्रमात छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगण या राज्यांतल्या सरकारी शाळा होत्या. त्यात शिक्षकांसाठी टेलिग्रामवर विषयवार ग्रुप चालवले गेले. प्रशिक्षण संपल्यावरही शिक्षकाला विचारायला जागा राहावी, ही त्यामागची कल्पना होती. साधन देणे आणि साथ देणे ही दोन्ही कामे एकाच कार्यक्रमात बसवण्याचा तो प्रयत्न होता.

मराठीत काय मिळते

मराठी माध्यमाच्या शिक्षकाला पूर्वी इंग्रजी मजकुरावर अवलंबून राहावे लागे. आता तशी स्थिती नाही.

सर्वांत जवळचे साधन हातातल्या पुस्तकातच आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात फुकट मिळतात आणि पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य ‘दीक्षा’ मंचावर उघडते. दीक्षा सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. त्यातला मजकूर आधी उतरवून घेता येत असल्याने शाळेत रेंज नसली तरी घरून तयारी करून आणता येते.

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड महाराष्ट्रातल्या ज्या शिक्षकामुळे चर्चेत आला, ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले. त्यांनी कोडवरून कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचवले. जगातल्या वेगवेगळ्या देशांतल्या वर्गांशी त्यांनी व्हिडिओ कॉलवरून मुलांची भेट घडवली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

वाचनासाठी ‘स्टोरीविव्हर’ उपयोगी आहे. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने तो मंच ८ सप्टेंबर २०१५ रोजी, जागतिक साक्षरतादिनी, सुरू केला. त्यावर चित्रांच्या गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत आणि खुल्या परवान्यामुळे त्या छापता, बदलता व अनुवादित करता येतात. त्यामुळे शिक्षक एखादी गोष्ट वऱ्हाडी बोलीत आणून पहिलीच्या मुलांपुढे ठेवू शकतो. घरी ऐकलेली बोली वर्गात वाचायला मिळाली की बुजरे मूलही तोंड उघडते.

संदर्भासाठी मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेल्या या कोशाच्या नोंदी आता ऑनलाइन खुल्या आहेत. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांचे संकेतस्थळ आहे. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, स्ट्रॉ अशा टाकाऊ वस्तूंतून प्रयोग कसे करायचे, हे त्यांच्या चित्रफिती दाखवतात. त्यांची अनेक पुस्तकेही तिथून मराठीत उतरवता येतात. इथे फोन शिक्षकाने आदल्या रात्री पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या हातांत काड्या द्यायच्या. नई तालीमच्या रीतीला हे साधन फार जवळचे आहे.

ज्या गोष्टी हाताळता येत नाहीत, त्यांच्यासाठी ‘फेट’ आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. विद्युतमंडल, अणूची रचना, घनता अशा विषयांची हलती-बदलती प्रतिरूपे त्यावर आहेत, बऱ्याच प्रतिरूपांवर मराठी लेबले आहेत, आणि उतरवून घेतली की ती इंटरनेटशिवायही चालतात. भूगोलात उपग्रहचित्रे कामी येतात. अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांशी असलेल्या वर्धा जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वर्धा नदी, आर्वी तालुक्यातले धनोडीचे निम्न वर्धा धरण, पवनारजवळची धाम, हे सारे वरून पाहिल्यावर नकाशातली निळी रेघ मुलांना ओळखीची वाटू लागते.

बोंडअळीचा एक पाठ

ही साधने आणि शिक्षकांचा संपर्क एकाच पाठात कसे येऊ शकतात, हे कपाशीच्या उदाहरणातून पाहता येते. वर्धा जिल्ह्यातल्या अनेक मुलांच्या घरी पऱ्हाटी असते आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने केलेले नुकसान घराघरांत चर्चेचे होते. या अळीच्या पतंगांवर नजर ठेवण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यातल्या गंधाने नर पतंग ओढले जातात. एका सापळ्यात एका रात्रीत आठ किंवा त्याहून जास्त पतंग, असे सलग तीन रात्री आढळले, तर उपाय करण्याची वेळ आली असे मानतात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था अशा सूचना आणि किडीची छायाचित्रे ऑनलाइन देते.

सातवी-आठवीच्या वर्गात शिक्षक आधी ही छायाचित्रे दाखवतो: अंडी, अळी, कोष, पतंग. ज्यांच्या शेतात सापळे आहेत ती मुले सकाळी वडिलांबरोबर जाऊन पतंग मोजतात आणि आकडे वहीत आणतात. समजा, एका सापळ्यात तीन रात्रींचे आकडे ५, ९ आणि १३ आले. सरासरी ९ निघते. आठाच्या वर, म्हणजे फवारायला हवे, असे अर्धा वर्ग म्हणतो. मग एखादी मुलगी सूचना पुन्हा वाचते. अट सरासरीची नाही, सलग तिन्ही रात्रींची आहे, आणि पहिल्या रात्री पाचच पतंग होते. सरासरी काय सांगते आणि काय झाकून ठेवते, हे त्या दहा मिनिटांत मुलांना जेवढे कळते तेवढे पानभर उदाहरणे सोडवून कळत नाही. आकडे चढते आहेत, म्हणून उद्याची मोजणी चुकवायची नाही, हेही मुलेच सांगतात.

इथून पुढे ग्रुपचे काम सुरू होते. हिंगणघाटचा शिक्षक आपल्या वर्गाचा तक्ता विषयाच्या ग्रुपवर टाकतो, आर्वी आणि समुद्रपूरचे शिक्षक आपापले आकडे जोडतात. एका शाळेचे पंधरा आकडे असतात, चार शाळांचे साठ होतात, आणि आलेख काढायला खरे कारण मिळते. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला व्हिडिओ कॉलवर विचारले, ‘तुमच्याकडे जास्त का?’, की पेरणीची तारीख, पाऊस, फरदड ठेवणे म्हणजे हंगामानंतरही कपाशी उभी ठेवणे, असे मुद्दे निघतात. पाठ जमला नसेल, तर तेही कोणी लिहिते: मुले अळी आणि पतंग यांत गोंधळली, आधी जीवनचक्र घ्या. पुढच्या वर्षी हा पाठ घेणाऱ्या शिक्षकाला ही एक ओळ दहा चित्रफितींपेक्षा जास्त उपयोगी पडते.

टाळेबंदीने दाखवलेली मर्यादा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजची अभ्यासमाला फोनवर पाठवायला सुरुवात केली. २० जुलैपासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आली. त्याच वर्षी व्हॉट्सअॅपवरचा ‘स्वाध्याय’ आणि दर आठवड्याला गोष्ट देणारा ‘गोष्टींचा शनिवार’ हे उपक्रमही सुरू झाले.

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात घरी स्मार्टफोन असलेल्या शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. तरीही दहांतल्या जवळपास चार मुलांच्या घरी फोन नव्हता. ज्यांच्याकडे होता, तिथेही तो बहुधा एकच, आणि दिवसभर बापाबरोबर शेतात किंवा कामावर. रिचार्ज संपला की अभ्यासही संपे. तेव्हा अनेक शिक्षक गावात फिरून मंदिराच्या ओट्यावर, झाडाखाली चार-चार मुलांना बसवत होते, भिंतींवर पाढे आणि शब्द लिहीत होते. मुलाच्या हातातला फोन गृहीत धरून आखलेला पाठ सर्वांत गरीब मुलाला आधी वगळतो, हा त्या दीड-दोन वर्षांचा धडा. साधन शिक्षकाच्या हातात आणि कृती मुलांच्या हातात, अशी वाटणी केली तर एका फोनवरही सगळा वर्ग शिकतो.

पथ्ये

ऑनलाइन काम करताना चार पथ्ये पाळावी लागतात.

पहिले मुलांच्या खासगीपणाचे. उपक्रमाचा फोटो टाकताना मुलाचे नाव, चेहरा आणि गाव एकत्र जाहीर होत नाही ना, हे पाहायला हवे. कोणाला कमी गुण पडले, कोणाला वाचता येत नाही, ही माहिती ग्रुपवर टाकायची नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे.

दुसरे हक्कांचे. वर्गात शिकवताना पुस्तकातला उतारा वापरायला १९५७ चा कॉपीराइट कायदा मोकळीक देतो. पण विक्रीला असलेले अख्खे पुस्तक स्कॅन करून हजार जणांच्या ग्रुपवर टाकणे या मोकळिकीत बसत नाही. खुल्या परवान्याचे साहित्य वापरले तर हा प्रश्नच येत नाही, मात्र मूळ लेखक-चित्रकाराचे नाव द्यावे लागते.

तिसरे खरेपणाचे. फिरत आलेली माहिती वर्गात जाण्याआधी विश्वकोश, पाठ्यपुस्तक किंवा संबंधित संस्थेच्या पानाशी ताडून पाहायला हवी. हे ताडून पाहणे मुलांसमोर केले, तर तोही एक पाठच होतो.

चौथे वेळेचे. रात्री दहालाही ग्रुपवर हजर राहावे, अशी अपेक्षा निर्माण झाली की संपर्काचे ओझे होते. आदेशांचा ग्रुप वेगळा आणि अध्यापनाचा वेगळा ठेवणे, बोलण्याची वेळ ठरवणे आणि चांगले पाठ वेगळ्या फोल्डरमध्ये विषयवार साठवणे, एवढे केले तरी बरेच काही हाती लागते.

सुरुवात कुठून

नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकाला दहा अॅप लागत नाहीत. जिथे मुले दरवर्षी अडतात असा एक घटक निवडायचा. त्यासाठी एक साधन शोधून स्वतः वापरून पाहायचे. गावातली कोणती वस्तू किंवा कोणते काम त्याला जोडता येईल, हे ठरवायचे. पाठ झाल्यावर मुलांनी काय केले, काय विचारले, कुठे अडली, हे चार ओळींत लिहून इतर दोन-तीन शिक्षकांना पाठवायचे आणि त्यांचे अनुभव मागवायचे. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत तोच पाठ करून दाखवला, तर फोनवर न उमगलेल्या गोष्टी तिथे उमगतात. अशा चार-पाच पाठांची देवाणघेवाण झाली की केंद्रातल्या शिक्षकांचा आपला असा संग्रह तयार होतो, आणि तो बाहेरून आलेल्या कुठल्याही संग्रहापेक्षा त्या गावांतल्या मुलांना जास्त लागू पडतो.